खंजिरी, कीर्ती आणि सेवा : राष्ट्रसंत श्री तुकडोजी महाराज

चिमूर नगरीत श्रीहरी बालाजींच्या दर्शनासाठी, विशेषतः घोडायात्रेच्या पर्वकाळात, दूरदूरचे भाविक येत असतात. याच तालुक्यातील गोंदोड्याच्या अरण्यात एका तरुण साधकाने तपश्चर्या केली आणि पुढे त्याच्याच भजनांनी हा परिसर स्वातंत्र्यासाठी पेटून उठला. ते साधक म्हणजे वंदनीय राष्ट्रसंत श्री तुकडोजी महाराज. कला, कीर्ती आणि ईश्वरशोध यांचा मेळ त्यांनी कसा घातला, हे समजून घेणे प्रत्येक भाविकास उद्बोधक ठरेल.

बालपण व गुरुकृपा

महाराजांचा जन्म १९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी झाला. पित्याचे नाव बंडोजी, मातेचे मंजुळाबाई आणि बालकाचे नाव माणिक. घरी दारिद्र्य होते. शालेय शिक्षण अल्पच झाले. भजनाची ओढ मात्र उपजत होती. वरखेडचे श्री आडकोजी महाराज यांच्या चरणी या बालकास आश्रय लाभला. गुरूंनी त्यास ‘तुकड्या’ म्हटले. तुकडा म्हणजे भाकरीचा घास, भिक्षेकऱ्याच्या झोळीत पडणारे अन्न. पुढे मोठी कीर्ती लाभली, तरी आपल्या भजनांतून महाराजांनी स्वतःचा उल्लेख ‘तुकड्या’, ‘तुकड्यादास’ असाच केला.

अरण्यातील साधना

१९२१ साली गुरूंनी देह ठेवला. त्यानंतर पोरक्या झालेल्या या बालकाने रामटेक, सालबर्डी, रामदिघी आणि गोंदोडा येथील अरण्यांत एकांतवास केला. ध्यान व योगाभ्यास यांबरोबरच भजनाचाही अभ्यास चालू राहिला. हातात मावणारी, एका बाजूस चामडे मढवलेली आणि कडेला झांजा बसवलेली खंजिरी हेच त्यांचे वाद्य. ती वाजविण्यास ना दरबार लागतो, ना बैठक. चालत्या माणसाच्या हातीही ती शोभते. म्हणूनच खेड्यापाड्यांतील श्रोत्यास ती परकी वाटली नाही.

कीर्तीचा काळ

मराठी व हिंदी या दोन्ही भाषांतील त्यांच्या स्वरचित भजनांना मोठा जनसमुदाय जमू लागला. १९३५ साली सालबर्डी येथे महायज्ञ झाला व त्याच सुमारास मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना झाली. १९३६ साली महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून महाराज वर्ध्याजवळील सेवाग्राम (तेव्हाचे शेगाव) येथे सुमारे महिनाभर राहिले. भजनासाठी लोक जमतात. परंतु भजन आटोपल्यावर ते घरी काय घेऊन जातात, हा प्रश्न अशा वेळी कोणाही थोर गायकापुढे उभा राहतो. महाराजांची भजने व्यसनमुक्ती, अस्पृश्यतानिवारण, ग्रामस्वच्छता आणि देशप्रेम यांकडे वळत गेली.

चिमूरची कसोटी

१६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. महाराजांच्या भजनांनी भारलेले चिमूरचे लोक मिरवणुकीने रस्त्यावर आले. गोळीबार झाला, सोळा वर्षांचा बालाजी रायपूरकर हुतात्मा झाला. क्षुब्ध जमावाच्या हातून सरकारी अधिकारीही मारले गेले. पुढे लष्कर आले आणि नगरीने, विशेषतः येथील माताभगिनींनी, घोर अत्याचार सोसले. त्यांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले. २८ ऑगस्ट रोजी महाराजांना अटक झाली व नागपूर आणि रायपूर येथील तुरुंगांत त्यांना ठेवण्यात आले. डिसेंबर १९४२ मध्ये त्यांची सुटका झाली.

गीतामध्ये केवढे सामर्थ्य असते आणि त्याची केवढी किंमत मोजावी लागते, हे चिमूरने अनुभवले. जागृत झालेल्या समाजास नित्याचे विधायक कार्य मिळाले नाही, तर ती जागृती टिकत नाही. सुटकेनंतरच्या काळात महाराजांनी श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या द्वारे गावोगावी सामुदायिक प्रार्थना, श्रमदान व ग्रामसफाई यांचा प्रसार केला. या प्रार्थनेत सर्व जातिधर्मांचे लोक एकत्र बसत. येथे श्रोता केवळ ऐकणारा न राहता स्वतः गाणारा व काम करणारा झाला.

ग्रामगीता

१९५५ साली जपानमधील विश्वधर्म परिषदेत महाराजांची खंजिरी निनादली. डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी त्यांना ‘राष्ट्रसंत’ म्हणून गौरविले. मात्र त्याच १९५५ साली सिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ परिषदांसाठी नसून खेड्यातील माणसासाठी आहे. ४१ अध्यायांची ही ओवीबद्ध ‘ग्रामगीता’ त्यांनी ग्रामदेवतेस अर्पण केली. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंज मोझरी येथे महाराजांचे महानिर्वाण झाले. २००५ साली नागपूर विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले.

बोध

ईश्वराच्या शोधात महाराज अरण्यात गेले आणि तोच शोध त्यांना पुन्हा गावाकडे घेऊन आला. कीर्ती त्यांनी नाकारली नाही; ती लोकांच्या कामी लावली. भाविकांनी गोंदोड्याच्या तपोभूमीचे दर्शन घेताना ध्यानी ठेवावे की, येथील एकांताची सांगता जनसेवेत झाली. दर्शन घेऊन परतताना आपल्या गावची एखादी वाट झाडण्याचा, एखाद्या मुलाच्या शिक्षणास हातभार लावण्याचा संकल्प केला, तर तीही महाराजांच्या भजनास दिलेली साथच ठरेल.