रिव्हॉल्व्हर : रेंजवरचं आणि घरातलं

‘शोले’मध्ये गब्बर तीन गोळ्या हवेत उडवतो आणि मग एक चक्र गरागरा फिरवतो, आठवतंय ना? ते चक्र म्हणजे सिलिंडर, आणि ज्या हत्यारात ते असतं ते रिव्हॉल्व्हर. आपल्याकडे ते लायसन्सशिवाय बाळगता येत नाही. अमेरिकेत मात्र ते दुकानात विकत मिळतं, आणि २००८ साली हेलर खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने स्वसंरक्षणासाठी घरात हँडगन ठेवणं हा नागरिकाचा हक्क मानला. त्यामुळे तिथल्या गिऱ्हाइकाला प्रश्न पडतो, रेंजवर नेमबाजीसाठी कोणतं घ्यायचं आणि घरासाठी कोणतं? आपण फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सने उत्तर काढू या.

उदाहरणाला स्मिथ अँड वेसनची दोन मॉडेल्स घेऊ. पहिलं ६८६ : सगळं स्टीलचं, ६ इंची नळी, ६ गोळ्या, वजन सुमारे १.२५ किलो. दुसरं ६४२ : अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूची फ्रेम, नळी २ इंचांहून किंचित कमी, ५ गोळ्या, वजन सुमारे ४२० ग्रॅम. दोन्हीत .३८ स्पेशल हे काडतूस चालतं.

१) धक्का : गोळी १० ग्रॅमची, वेग सेकंदाला २३० मीटर धरला तर संवेग २.३ येतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने तेवढाच संवेग हत्याराला उलटा मिळतो. म्हणजे ६८६ मागे येतं १.८ मीटर प्रति सेकंद वेगाने आणि ६४२ येतं साडेपाचने. ऊर्जा काढली तर २.१ ज्यूल आणि ६.३ ज्यूल, म्हणजे तिप्पट! (आखूड नळीत गोळीचा वेग थोडा कमी होतो, बंदुकीच्या दारूचा वायूही आपण सोडून दिलाय. पण अंदाज यायला एवढं पुरे.) म्हणजे हलकं हत्यार खिशाला सोपं, हाताला अवघड. आपल्याकडे कानपूरला २०१४ साली स्त्रियांसाठी म्हणून .३२ बोअरचं, सुमारे ५०० ग्रॅमचं ‘निर्भीक’ निघालं. त्याचं काडतूस सौम्य आहे, पण वजनाचा नियम तिथेही तोच.

२) नेम : पुढची माशी आणि मागची खाच यांतलं अंतर एकात २० सेंटिमीटर आणि दुसऱ्यात १० धरा. दोन्हींत १ मिलिमीटरची चूक झाली, तर १० मीटरवर गोळी अनुक्रमे ५ आणि १० सेंटिमीटर सरकते. साधे समरूप त्रिकोण!

३) ट्रिगर : ६८६चा घोडा अंगठ्याने आधी मागे ओढता येतो. मग ट्रिगरला दोन किलोच्या आतबाहेर जोर पुरतो. ६४२चा घोडा फ्रेमच्या आत लपलेला, त्यामुळे दर वेळी पाचेक किलो जोर लावावा लागतो. रेंजवर त्याने नेम हलतो, पण घाबरलेल्या माणसाच्या हातून चुकून गोळी सुटण्याची शक्यता कमी होते.

४) काडतूस : ६८६ मुळात .३५७ मॅग्नमसाठी बनलंय. मॅग्नमचं केस सुमारे साडेतीन मिलिमीटर लांब आणि दाबाची मर्यादा दुप्पट, ३५,००० पीएसआय. म्हणून .३८ त्यात चालतं, उलट चालत नाही. बंद खोलीत मॅग्नमचा आवाज कानठळ्या बसवणारा. शिवाय अमेरिकन घरांच्या भिंती बहुधा जिप्सम बोर्डच्या. दोन्ही काडतुसांच्या गोळ्या त्यातून आरपार जातात, आणि पलीकडे मूल झोपलेलं असू शकतं. म्हणून घरासाठीही बरेच जाणकार .३८च सुचवतात.

मग निष्कर्ष काय? छोटं ते घरासाठी, हा समज चुकीचा आहे. छोटा आकार हे खिशात बाळगण्याच्या प्रॉब्लेमचं उत्तर आहे, आणि घरात खिशाचा प्रश्नच येत नाही. म्हणून ४ इंची नळीचं, किलोभर वजनाचं स्टीलचं रिव्हॉल्व्हर दोन्ही कामं बरी करतं.

पण एक व्हेरिएबल अजून राहिलं, ते म्हणजे घरातली माणसं. १९९३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलेल्या अभ्यासात, बंदूक असलेल्या घरांत खुनाचा धोका २.७ पट आढळला. तोही मुख्यतः घरच्या किंवा ओळखीच्या माणसाकडून! रेंजवर हत्यार काम संपलं की रिकामं होतं आणि पेटीत जातं. घरात ते भरलेलं, हाताशी हवं असतं. लगेच मिळायला हवं आणि मुलांना मिळायला नको, या दोन अटी एकमेकींच्या विरुद्ध आहेत. झटकन उघडणारी कुलपाची पेटी हा त्यावरचा उपाय, आणि तोही अर्धाच. मित्रांनो, मशीनची तुलना कागदावर होते, पण फॅक्टर ऑफ सेफ्टी ते मशीन कुठे आणि कोणामध्ये ठेवलंय यावरच ठरतो.