टीएमटीचा रिपोर्ट शेवटच्या पानापर्यंत वाचा

माझ्या थोरल्या भावाला हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्याच्या फाइलमध्ये ट्रेडमिल टेस्टचा, म्हणजे टीएमटीचा, निगेटिव्ह रिपोर्ट होता. ऑफिसच्या वार्षिक तपासणीतला. जिना चढताना दादाचा जबडा अवघडायचा, थांबलं की बरं वाटायचं. वहिनी डॉक्टरकडे चला म्हणाली की तो हाच रिपोर्ट पुढे करायचा आणि अ‍ॅसिडिटीची गोळी घ्यायचा. वडिलांना पन्नाशीतच झटका आलेला, त्याला स्वतःला रक्तदाब, वर सिगारेट. अँजिओप्लास्टी वेळेत झाली म्हणून तो आज आमच्यात आहे.

नंतर हृदयरोगतज्ज्ञांनी तो जुना रिपोर्ट आमच्यासमोर बसून वाचला. पहिल्या पानावर निष्कर्ष निगेटिव्ह. आतल्या पानावर मात्र वेगळीच हकीकत होती: पाय भरून आल्याने चाचणी सहाव्या मिनिटाला थांबवली, नाडी जेमतेम ११८. या चाचणीत २२० मधून वय वजा करून उरलेल्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत नाडी न्यायची, असा ढोबळ हिशेब असतो. दादा ५४ वर्षांचा, म्हणजे ती १४१ च्या आसपास पोचायला हवी होती. पण रक्तदाबासाठी तो मेटोप्रोलॉल घ्यायचा, आणि ही गोळी नाडी फार वाढू देत नाही. हृदयावर पुरेसा ताणच आला नाही, तर ईसीजीत दोष दिसणार कुठून? अशी चाचणी अपुरी म्हणायची. निगेटिव्ह म्हणून ती हातात देणं धोक्याचं आहे, आणि मला याचा आजही संताप येतो.

म्हणून टीएमटी करायला जाण्यापूर्वी आपली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा. गोळी थांबवायची की नाही ते त्यांना ठरवू द्या, मनाने बंद करू नका. रिपोर्ट आला की विचारा: किती मिनिटं चाललो? नाडी कुठवर गेली? चाचणी का थांबवली? रक्तदाब चढला की उतरला? श्रम वाढत असताना रक्तदाब खाली येणं हे गंभीर लक्षण असतं. बहुतेक ठिकाणी वापरतात त्या ब्रूस पद्धतीत दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढतात, त्यामुळे किती मिनिटं टिकलो यावरूनही हृदयाच्या क्षमतेचा बराच अंदाज येतो.

आणि चाचणी पूर्ण होऊन खरोखर निगेटिव्ह आली तरी? श्रमाच्या वेळी रक्त कमी पडावं इतका मोठा अडथळा, साधारण ७० टक्क्यांच्या पुढचा, तिच्यात सापडण्याची शक्यता असते. तोही दर वेळी सापडतोच असं नाही. झटका मात्र अनेकदा त्याहून लहान थरामुळे येतो. रक्तवाहिनीतल्या चरबीच्या थराचं आवरण फाटतं, तिथे गुठळी होते आणि काही मिनिटांत वाट बंद. आदल्या आठवड्यात तो माणूस ट्रेडमिलवर सहज चाललेला असू शकतो. सिगारेट, मधुमेह, रक्तदाब, एलडीएल कोलेस्टेरॉल, घराण्यातला इतिहास यांचा धोका निगेटिव्ह रिपोर्टने पुसला जात नाही.

उलट बाजूही आहे. काही त्रास नाही, धोकाही कमी, अशांनी तपासणीच्या पॅकेजमध्ये आहे म्हणून ही टेस्ट करू नये. त्यांच्यात, विशेषतः स्त्रियांत, ती खोटी पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण बरंच असतं आणि मग धास्तावून अँजिओग्राफीपर्यंत जावं लागतं. अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने २०१८ मध्ये अशा कमी धोक्याच्या लोकांसाठी ती करू नये, अशीच शिफारस केली. चालताना छाती भरून येते, धाप लागते, अशा माणसाला मात्र तिचा खरा उपयोग होतो.

बसल्या जागी छातीत दाब आला, घाम फुटला, हात किंवा जबडा दुखू लागला, तर ट्रेडमिलचा विचारही नको आणि जुनी फाइल शोधत बसणंही नको. १०८ ला फोन करा. ताबडतोब ईसीजी आणि रक्ताची ट्रोपोनिन चाचणी व्हायला हवी, आणि पहिला ईसीजी ठीक आला तरी डॉक्टर सांगेपर्यंत घरी जाऊ नका.