वायूचा थर आणि धातूचा पृष्ठभाग

जोयडा तालुक्यात काळी नदीच्या खोऱ्यातील भातखाचरांवर जी हवा असते, तिच्यात सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आहे. तथापि भाताच्या रोपास तो थेट घेता येत नाही. त्याच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. हा बंध तोडण्यासाठी खत कारखान्यात लोखंडाचा उपयोग करतात. घाटाखाली गोव्यात झुआरीनगर येथे असा कारखाना १९७३ साली सुरू झाला. युरियास लागणारा अमोनिया नायट्रोजन व हायड्रोजन यांपासून ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमानास, मोठ्या दाबाखाली, सच्छिद्र लोखंडाच्या दाण्यांवर तयार होतो.

वायूचे रेणू धातूच्या पृष्ठभागास चिकटून राहतात, यास अधिशोषण म्हणतात. हे चिकटणे भिंतीवरील धुळीसारखे नव्हे. धातू आणि वायू यांच्यात इलेक्ट्रॉनांची देवघेव होते व दोघांचेही गुणधर्म पालटतात. लोखंडाकडून आलेले इलेक्ट्रॉन नायट्रोजनचा बंध सैल करतात आणि अखेर अणू सुटे होतात. लोखंडात थोडे पोटॅशियम मिसळले असता इलेक्ट्रॉन अधिक सहज दिले जातात. या क्रियेचे टप्पे जर्मन शास्त्रज्ञ गेरहार्ड अर्टल यांनी उलगडले. त्यांना २००७ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

चुंबकत्वावरील परिणाम निकेलमध्ये स्पष्ट दिसतो. खत कारखान्यात हायड्रोजन मिळविण्यासाठीही निकेलच वापरतात. निकेलच्या अतिसूक्ष्म कणांवर हायड्रोजन सोडला की त्यांचे चुंबकत्व घटते. तापवून व निर्वात करून वायू काढून टाकला की ते परत येते. ज्या इलेक्ट्रॉनांमुळे निकेल चुंबकीय असते, तेच हायड्रोजनशी बंध जुळविण्यात गुंततात. अमेरिकेतील सेलवुड यांनी चुंबकत्वातील ही घट मोजून अधिशोषणाचा अभ्यास केला. निकेलच्या जाड तुकड्यावर मात्र हा प्रयोग करून काही हाती लागणार नाही, कारण त्यातील बहुतेक अणू आत दडलेले असतात. कारखान्यातील एक ग्रॅम लोखंडाचा पृष्ठभाग १० ते २० चौरस मीटर, म्हणजे एका खोलीएवढा असतो, तो याचसाठी.

गंधक मात्र एकदा चिकटले की सहसा सुटत नाही. वायूत त्याचा अल्प अंश राहिला तरी पृष्ठभागावरील जागा व्यापल्या जातात आणि नायट्रोजनला थारा उरत नाही. म्हणून कच्च्या मालातील गंधक आरंभीच काढून टाकावे लागते.