पत्राखालील सही का बिघडते?

पत्राच्या शेवटी लिहिलेले नाव व पत्ता ही केवळ शोभा नव्हे. पत्र कोणाचे आहे व विचारपूस कोठे करावी, हे त्यावरूनच कळते. कागदावरील सही लिहावी तशीच पलीकडे पोहोचते. ई-मेलच्या सहीचे मात्र तसे नाही. आपल्या शाळेने माजी विद्यार्थ्यांस ई-मेलने निमंत्रणे धाडली, तेव्हा शाळेचे नाव, बोधचिन्ह व दूरध्वनी क्रमांक एकाच चित्रात बसविले होते. कचेरीतील संगणकावर ती सही मोठी देखणी दिसे. परंतु कित्येकांना त्या जागी रिकामी चौकट तेवढी दिसली, आणि फोन करू इच्छिणाऱ्या वृद्ध मंडळींना क्रमांकच सापडला नाही. असे का व्हावे?

सजविलेली सही एच.टी.एम.एल. नावाच्या खुणांच्या भाषेत लिहिलेली असते. पत्राबरोबर तयार सजावट जात नसून केवळ सूचना जातात: हे अक्षर ठळक करावे, ही ओळ निळी असावी, हे चित्र अमुक ठिकाणाहून आणावे. एकच संहिता दोन नाटकमंडळ्यांनी बसविली तर प्रयोग निराळे होतात, तसेच येथेही घडते. उदाहरणार्थ, २००७ सालच्या आवृत्तीपासून जुन्या पठडीच्या आउटलुकने पत्र दाखविण्याचे काम वेब ब्राउझरच्या यंत्रणेकडून काढून वर्डच्या यंत्रणेकडे दिले. त्यामुळे गोल कोपरे, चित्राची कमाल रुंदी अशा कित्येक सूचना तेथे निष्फळ ठरतात. इतकेच नव्हे, तर त्यातील संपादकात सही उघडून पुन्हा जतन केली, की मूळ खुणा वर्डच्या पद्धतीने नव्याने लिहिल्या जातात.

दोष शोधताना प्रथम तो कोठे उत्पन्न झाला हे ठरवावे. पत्र लिहितानाच सही बिघडलेली दिसली, तर ती चिकटविताना अथवा जतन करताना बदलली आहे. लिहिताना व पाठविलेल्या पत्रांच्या कप्प्यात ती नीट असून एकाच व्यक्तीकडे बिघडली, तर कारण बहुधा त्या व्यक्तीच्या प्रोग्रॅममध्ये असते. यासाठी दोन-तीन निरनिराळ्या सेवांवरील स्वतःच्याच पत्त्यांवर पत्र धाडून ते संगणकावर व मोबाईलवर उघडून पाहावे. पत्र साध्या मजकुराच्या रूपात लिहिले असेल, तर सारी सजावट गळून पडते, हेही तपासावे.

चित्र दिसत नसल्यास त्याचा पत्ता पाहावा. तो स्वतःच्या संगणकातील फाईलचा असेल, तर दुसऱ्याला ते चित्र मिळणार तरी कसे? चित्र सर्वांना पोहोचता येईल अशा वेब-पत्त्यावर ठेवावे किंवा पत्रातच जोडावे. तरीही काही प्रोग्रॅम सुरक्षिततेसाठी बाहेरची चित्रे वाचकाच्या परवानगीवाचून आणीत नाहीत.

मांडणीसाठी साधा तक्ता वापरावा. रंग व आकार यांच्या सूचना वेगळ्या न ठेवता त्या त्या घटकाच्या खुणेतच लिहाव्या. चित्राची रुंदी आकड्यात द्यावी. एका वेळी एकच बदल करून पुन्हा चाचणी घ्यावी. अनेक बदल एकदम केल्यास खरे कारण हाती लागत नाही.

मराठी सहीत आणखी एक मेख आहे. जुने कित्येक मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्याच संकेतांवर देवनागरी आकार चढवीत. तो फॉन्ट दुसऱ्याच्या संगणकात नसला, की आपल्या नावाऐवजी अर्थहीन रोमन अक्षरे उमटतात. म्हणून सही युनिकोडमध्येच लिहावी. १९९१ सालच्या त्याच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला त्यात स्वतंत्र स्थान आहे. शिवाय पत्राची संकेतपद्धती यू.टी.एफ.-८ असल्याची खातरी करावी.

सारांश, नाव, पत्ता व क्रमांक साध्या अक्षरांत असावे आणि अलंकार त्यानंतर चढवावे. सजावट हरपली तरी माणूस ओळखता आला पाहिजे. सहीचे प्रयोजन तेच होय.