कट्यारीची पारख

बेगडेवाडी

चि. बाळास,

कट्यारीचे फोटो पाहिले. विकणारा ‘शिवकालीन’ म्हणतो आणि तू हुरळून गेलास. हौस चांगलीच आहे. पण त्याची गोष्ट बाजूला ठेव आणि पातं, मूठ, म्यान यांचं वय वेगवेगळं ठरव. तिन्ही एकाच वेळी घडली असं धरून चालू नकोस.

युरोपातली पाती आपल्याकडे येत आणि त्यांना इथली मूठ चढे; अशी तलवार म्हणजे फिरंग. तंजावरच्या शस्त्रागारातल्या कितीतरी कट्यारींना युरोपीय पातं रिव्हेटने जडवलेलं आहे. हा जोड त्या काळचाच, त्याला खोट म्हणू नये. जावातल्या क्रिस खंजिराचंही तेच: पातं पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, मूठ आणि म्यान बदलत जातात.

म्हणून जोड जुना की कालचा, एवढं बघ. पातं मुठीला मिळतं तिथे भिंग लाव. वेल्डिंगचा ओघळ दिसला तर काम अलीकडचं. कोफ्तगरीचं, म्हणजे पोलादावर ठोकून बसवलेलं, सोनं तळहात घासतो तिथून आधी जातं आणि खालच्या उभ्या-आडव्या बारीक चिरा उघड्या पडतात. मुठीवर सोनं शाबूत आणि हात न लागणाऱ्या जागी झिजलेलं असेल, तर शंका घे. पुष्कळ कट्यारींचं टोक चिलखत भेदण्यासाठी जाड ठेवलेलं असतं. ते जाड टोक गायब आणि पातं आखूड, तर ते तुटून पुन्हा घासलेलं असू शकतं.

लेखी पुरावाही तपासून घे. लंडनच्या संग्रहालयातून २०२४ मध्ये साताऱ्याला आलेल्या वाघनखांच्या पेटीवर ती शिवाजी महाराजांची असल्याचं कोरलेलं आहे. तरी अफजलखानाच्या वधातली वाघनखं हीच, याची खात्री देता येत नाही, असं ते संग्रहालय स्वतः सांगतं.

खंडेनवमीला पूजा जरूर कर. पण चिंच किंवा पॉलिशपेपर पात्याला लावू नकोस. गंज घासलास की पुरावाच जातो. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२चा पुरावशेष कायदा लागू होतो, म्हणून विकणाऱ्याकडे परवाना आहे का, हे आधी विचार.

पैसे देण्यापूर्वी लोकल पकडून पुण्याला जा आणि केळकर संग्रहालयातली हत्यारं निवांत बघ. घेतलीस तर नोंदवहीत ‘मूठ जुनी, पातं बदललेलं’ असं जे असेल ते स्पष्ट लिही. बदल झालेली कट्यार कमी प्रतीची ठरत नाही. बदल लपवणारा मात्र इतिहासाशी बेइमानी करतो.

तुझा,
मामा