जिल्ह्याची विकासयोजना व अंमलदारांचें शिक्षण

बियाणें, खत, कीड व बाजारभाव यांविषयींचे लेख आमच्या वाचकांस नेहमींच मिळतात. प्रस्तुतचा विषय त्यांहून निराळा आहे. तथापि ज्यास विहिरीवर वीज, मालास रस्ता व नाल्यास बांध पाहिजे, अशा प्रत्येक खातेदाराशीं त्याचा निकट संबंध आहे. हीं कामें ज्या योजनेंतून होतात ती मांडणारे अंमलदार, म्हणजे तलाठी, ग्रामसेवक, गटविकास अधिकारी, तहसीलदार व त्यांच्यावरील मंडळी, हें काम कोठें व कसें शिकतात, हा तो विषय होय. (तलाठी व ग्रामसेवक यांचीं सरकारी नांवें आतां बदललीं आहेत; परंतु गांवच्या ओट्यावर जुनींच चालतात, म्हणून येथेंही तींच ठेविलीं आहेत.) आम्हीं महसूल खात्याच्या कचेरींत लेखणी झिजविली असल्यामुळें या गोष्टी टेबलाच्या आंतल्या बाजूनें पाहिल्या आहेत. शेतकऱ्यास त्या बाहेरच्या बाजूनेंच दिसतात.

पूर्वींचें शिक्षण कसें होतें तें आधीं पाहूं. खानदेश जिल्हा १९०६ सालीं पूर्व व पश्चिम असा विभागला गेला आणि आमचे तालुके धुळ्याच्या कलेक्टरीखालीं पश्चिम खानदेशांत राहिले. त्या अमदानींत तलाठ्यास गांवनमुने बिनचूक लिहितां आले, पीकपाहणी करतां आली आणि हप्ता वेळेवर वसूल झाला, कीं त्याचें शिक्षण पुरें झालें असें समजत. अँडरसन साहेबांच्या महसुली हिशेबाच्या पुस्तकावर कारकुनांच्या पिढ्या तयार झाल्या, व तें पुस्तक आपल्या जागीं उत्तमच आहे. ज्या सातबाऱ्यावर आपण आज कर्ज मागतों त्याची शिस्त त्याच परंपरेंतली. परंतु त्या सर्व शिक्षणाचा रोख, जमिनीपासून सरकारचें येणें किती, इकडे होता. त्याच जमिनीस पुढील दहा वर्षांत काय द्यावें लागेल, हा प्रश्न त्यांत नव्हता, आणि तो विचारण्याचें कारकुनास कारणही नव्हतें.

स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजीं सामूहिक विकासयोजना सुरू झाली, तेव्हां हा प्रश्न प्रथम कचेरींत आला. पुढें वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा होऊन १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामास लागल्या. १९६३ सालीं मुंबईस अंमलदारांसाठीं ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज निघालें. १९८४ सालीं तें पुण्यास आलें, व १९९० पासून तें ‘यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनी’ म्हणजे ‘यशदा’ या नांवानें चालत आहे. नांवांतील ‘विकास’ हा शब्द मुद्दाम घातलेला आहे. प्रशासन पूर्वींही होतें. तें विकासासाठीं चालवावयाचें तर निराळें शिकविलें पाहिजे, हें त्या शब्दानें मान्य झालें.

आतां योजना म्हणजे काय तें थोडक्यांत. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनें प्रत्येक जिल्ह्यास नियोजन समिती असावी असें ठरलें, व महाराष्ट्रानें तिचा कायदा १९९८ सालीं केला. योगायोग असा कीं, त्याच सालीं १ जुलै रोजीं धुळ्यापासून निघून नंदुरबार जिल्हा निराळा झाला. या समितीचे किमान चार पंचमांश सभासद जिल्हा परिषद व नगरपालिका यांच्या निवडून आलेल्या सभासदांतून घ्यावयाचे असतात. पालकमंत्री अध्यक्ष व जिल्हाधिकारी सचिव. जिल्ह्याची योजना मुख्यतः तीन भागांत येते: सर्वसाधारण, अनुसूचित जातींसाठींची व आदिवासी उपयोजना. १९९३-९४ पासून सुकथनकर समितीच्या सूचनेप्रमाणें आदिवासी उपयोजनेचा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणांत बाजूला काढण्याची पद्धत या राज्यांत पडली. २०११ च्या खानेसुमारींत आमच्या जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ भरली व तींत शेंकडा सुमारें ६९ आदिवासी होते. तेव्हां हा भाग येथें केवढा महत्त्वाचा आहे तें निराळें सांगावयास नको.

अंमलदारांस वर्गांत हें सर्व सांगितलें जातें. कलमें, लेखाशीर्षें व मुदती त्यांस पाठ असतात. आमचें म्हणणें इतकेंच कीं, योजना मांडणें ही कला याच्या पुढें सुरू होते. आणि ती खात्याखात्यांच्या निराळ्या वर्गांत बसून येत नाहीं. याचें उदाहरण आमच्या तापीकांठीं आहे.

सारंगखेडें व प्रकाशें येथें तापीवर बॅरेज बांधून पाणी अडविलें गेलें. त्या पाण्यावर अवलंबून असणाऱ्या २२ सहकारी उपसा योजना मात्र वर्षानुवर्षें बंद होत्या, व अखेरीस त्यांच्या दुरुस्तीसाठीं सरकारास निराळा पैसा मंजूर करावा लागला. नदी भरलेली आणि कांठचें शेत कोरडें, असा तो देखावा होता. अशा ठिकाणीं कोणाचें चुकलें म्हणून शोधूं गेल्यास बहुधा कोणाचेंच चुकलेलें सांपडत नाहीं. नदींतलें बांधकाम पाटबंधाऱ्याकडे, संस्था सहकार खात्याकडे, पंपाची वीज वीजकंपनीकडे, कर्ज बँकेकडे, आणि त्या कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर चढविणें तलाठ्याकडे. प्रत्येकाचा कागद आपल्यापुरता बरोबर असतो. पाणी मात्र पांचही कागद एकत्र आल्याखेरीज चारींत उतरत नाहीं. सभासदाच्या दृष्टीनें तर पाणी आलें नाहीं तरी बोजा राहतोच, व तो उतरेपर्यंत दुसरें कर्ज मिळण्यास अडचण पडते.

म्हणून अंमलदारांच्या वर्गांत कलमांबरोबर एक हिशेब जरूर घालावा असें आम्हांस वाटतें. तो वाचकांनींही करून पाहावा. चौथी इयत्ता शिकलेल्यास तो अवघड नाहीं. समजा, एका उपसा संस्थेखालीं ३०० हेक्टर जमीन आहे. एका पाळीस साडेसात सेंटिमीटर पाणी द्यावयाचें तर हेक्टरास ७५० घनमीटर, म्हणजे एकंदर २,२५,००० घनमीटर पाणी लागेल. पंप सेकंदास १०० लिटर उपसत असेल तर तासास ३६० घनमीटर झाले. वीज १६ तास मिळाली तर दिवसाचे ५,७६०. म्हणजे एक पाळी फिरावयास ३९ दिवस लागतील. वीज ८ तासच मिळाली तर ७८ दिवस. गव्हास पाणी साधारणतः तीन आठवड्यांनीं पाहिजे. म्हणजे ज्याचें शेत चारीच्या शेपटास आहे त्याचा गहू दुसऱ्या पाळीच्या आधींच वाळला! चारींतून झिरपणारें पाणी तर आम्हीं यांत धरलेंच नाहीं. त्यांतही उपशाची उंची ३० मीटर असेल तर या पंपास सुमारें ६० ते ६५ अश्वशक्तीची मोटार लागते, व तिचें वीजबिल त्याच सभासदांवर पडतें. शेवटचा सभासद पाणी न मिळाल्यामुळें पट्टी भरीत नाहीं. पट्टी न आल्यामुळें बिल थकतें. बिल थकल्यामुळें वीज तुटते. मग पहिल्या सभासदाचेंही पाणी बंद होतें. संस्था बुडते ती बहुतकरून या क्रमानें.

हा हिशेब पाटबंधाऱ्याचा इंजिनिअर, सहकाराचा निबंधक, वीजकंपनीचा अभियंता, कृषि अधिकारी व तहसीलदार यांनीं एका नकाशाभोंवतीं बसून केला, तर त्यांतून तीन गोष्टी आपोआप निघतात: पंप किती पाहिजेत, लाभक्षेत्र किती ठेवावें आणि कोणतें पीक घेऊं द्यावें. हरभरा एक-दोन पाण्यावर येतो; ऊस व केळी बारमाही पाणी मागतात. ही निवड कागदावर आधीं झाली नाहीं तर नदीजवळचा बागाईतदार ती आपल्यापुरती करून टाकतो. (आमच्या वाचकांत असे पुष्कळ आहेत, त्यांनीं राग मानूं नये.)

आंकड्यांविषयींही थोडें लिहिलें पाहिजे. जानेवारी २०१८ पासून केंद्र सरकारनें देशांतील मागें राहिलेले जिल्हे निवडून ‘आकांक्षित जिल्हे’ हा कार्यक्रम चालविला. महाराष्ट्रांतून त्यांत नंदुरबार, गडचिरोली, वाशीम व उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) हे चार आले. आरोग्य, शिक्षण, शेती व पाणी, बँकव्यवहार व कौशल्य, आणि रस्ते-वीज इत्यादि सोयी, अशा पांच विषयांचे ४९ निर्देशांक ठरवून जिल्ह्याजिल्ह्यांत चढाओढ लावली गेली. चढाओढ चांगली, परंतु आंकडा कोठून येतो हें ठाऊक नसलेल्या अंमलदाराच्या हातीं ती धोक्याची होते. पैसेवारीचें उदाहरण घ्या. ती ५० पैशांच्या आंत आली कीं टंचाईच्या सवलती मिळावयाच्या, असा रिवाज पुष्कळ वर्षें होता. त्यामुळें ४९ व ५१ यांच्यामधल्या दोन पैशांसाठीं किती ओढाताण चाले तें आम्हीं पाहिलें आहे. ज्यानें पीक कापणीच्या प्रयोगांत स्वतः दोरी धरून प्लॉट आंखला, कणसें झोडून धान्य तोललें, तोच त्या आंकड्याची किंमत जाणतो. नवीन अंमलदारास निर्देशांकांचें कोष्टक दाखविण्यापूर्वीं एक हंगाम अशा प्रयोगांवर पाठवावें.

आतां शेजारधर्माकडे वळूं. आमचा जिल्हा दोन राज्यांच्या सीमेस लागून आहे, आणि ही सीमा फार जुनी नाहीं. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र व गुजरात निराळे झाले, तेव्हां नवापूर, नंदुरबार, तळोदें व अक्कलकुवें या तालुक्यांतील कांहीं गांवें गुजरातेंत गेलीं. आजचे उच्छल व निझर हे तालुके त्याच बाजूचे. नवापूरचें रेल्वे स्टेशन तर अर्धें इकडे व अर्धें तिकडे आहे. सोयरीक, बाजार व मजुरी यांस ही सीमा कधींच अडवीत नाहीं. तूर इकडची, गिरणी तिकडची; मजूर धडगांवचा, ऊसतोड गुजरातेंत. योजना मात्र सीमेवर येऊन थबकते.

तापीचेंही तसेंच. उकाईचें धरण १९७२ सालीं पुरें झालें. तें गुजरातेंत, पण त्याचा फुगवटा आमच्या हद्दींत येतो. नर्मदेची गोष्ट याहून मोठी. लवादानें १९७९ सालीं निवाडा दिला, त्यांत धरलेल्या २८ दशलक्ष एकर-फूट पाण्यांतून मध्य प्रदेशास १८.२५, गुजरातेस ९, राजस्थानास ०.५० व महाराष्ट्रास ०.२५ असा वांटा पडला. सरदार सरोवराच्या विजेंत महाराष्ट्रास शेंकडा २७. त्या धरणानें अक्राणी व अक्कलकुवें तालुक्यांतील ३३ गांवें बाधित झालीं. ज्याची चौथाईहून अधिक जमीन जाईल त्या कुटुंबास किमान २ हेक्टर ओलिताजोगी जमीन द्यावी, व सज्ञान मुलास निराळें कुटुंब धरावें, असें निवाड्यांत होतें. वाचावयास हें सोपें आहे. परंतु सातपुड्यांतील पुष्कळ शेतें वनजमिनीवर असून त्यांस सातबाराच नव्हता; मुलाच्या जन्माची नोंद नव्हती; आणि एकाच घरांतला भाऊ तळोद्याकडे तर दुसरा गुजरातेंत वसणार. अशा वेळीं दोन्ही राज्यांच्या कारकुनांची नोंद एका नमुन्यांत नसेल, तर माणूस दोन्ही याद्यांतून गळतो किंवा दोन्हींकडे दिसतो. येथें प्रश्न शाईचा नसून कोणाच्या तरी भाकरीचा असतो.

ही अडचण आमच्याच वांट्यास आलेली नाहीं. आशिया खंडांत मेकाँग नदीच्या कांठचीं चार राष्ट्रें, थायलंड, लाओस, कंबोडिया व व्हिएतनाम, यांनीं १९५७ सालीं एकत्र समिती केली. पुढें त्या प्रदेशांत युद्धें पेटलीं तरी नदीचें पाणी मोजण्याचें काम पुष्कळसें चालू राहिलें, व १९९५ सालीं त्या समितीचें आयोग झालें. आपला देशही १९६४ पासून परदेशच्या अंमलदारांस येथें बोलावून शिकवितो, आणि ग्रामविकासाचे पाठ घेण्यास ते हैदराबादच्या राष्ट्रीय संस्थेंत येतात. दूरदेशचे दोन कारकून हैदराबादेस एका बाकावर बसतात. नवापूर व उच्छल येथील कारकुनांस एकत्र बसावयास आमच्या नोकरीच्या काळांत स्टेशनावरील बाक तेवढें होतें. वर्षांतून आठ दिवस दोन्हींकडच्या तालुका अंमलदारांचा एक वर्ग भरला आणि मजुरांची ये-जा, जनावरांचे रोग, पुराची सूचना व जमिनीच्या नोंदी हे चारच विषय त्यांत घेतले, तर खर्च तो केवढा?

भाषेचें शिक्षणही यांत आलें. इंग्रजी अमलांत कलेक्टरासही देशी भाषेची परीक्षा द्यावी लागे. आमच्या जिल्ह्यांत अहिराणी, गुजरी, भिली, मावची व पावरी चालतात. धडगांवच्या ग्रामसभेंत शुद्ध मराठींत योजना वाचून दाखविली व सर्वांनीं माना डोलाविल्या, तर ती मंजूर झाली असें कागद म्हणतो. १९९६ चा पेसा कायदा व २०१४ चे महाराष्ट्राचे नियम यांनीं त्या ग्रामसभेस मोठा अधिकार दिला आहे, आणि २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या ५ टक्के निधीही तिच्या गांवांकडे सरळ येऊं लागला. ज्या ग्रामसेवकास तेथील बोली येत नाहीं त्यास हा पैसा खर्च करणें येईल; लोकांस काय हवें तें लिहून घेणें येणार नाहीं.

एक अडचण मात्र शिक्षणानें सुटणारी नव्हे. २००५ च्या बदल्यांच्या कायद्याप्रमाणें अंमलदाराची एका जागेवरील सर्वसाधारण मुदत ३ वर्षें. पहिलें वर्ष ओळखींत जातें, तिसरें निरोपांत. मधल्या वर्षांत तो जें शिकला तें त्याच्याबरोबर पुढच्या जिल्ह्यास जातें. म्हणून गांवाची माहिती गांवानेंच जपली पाहिजे. आमच्या संघाच्या प्रत्येक शाखेनें एक जाड वही घालावी. तींत गांवच्या विहिरी व त्यांची मार्च अखेरची पातळी, नाले व बांध, बंद पडलेल्या योजना व त्यांवरील बोजा, वीज किती तास आली, माल कोणत्या बाजारीं कोणत्या रस्त्यानें गेला, हें सालवार लिहावें. ग्रामपंचायतीचा पुढील सालचा आराखडा बहुधा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून हातीं घेतला जातो. त्या दिवशीं ही वही घेऊन जावें, मागील आराखड्याची प्रत मागावी, आणि मंजूर कामांपैकीं कोणतीं झालीं तें त्याच वहीशीं ताडून सभेच्या इतिवृत्तांत लिहवून घ्यावें. नवीन आलेल्या अंमलदारास ती वही पहिल्याच भेटींत दाखवावी. मात्र मूळ वही कचेरींत ठेवून येऊं नये, नक्कल द्यावी.