दीड ताऱ्यामागचा राग

प्रश्न : रविवारच्या पेपरात सिनेमाचं परीक्षण वाचते. वर दीड तारा, आणि खाली इतका राग, की वाटावं दिग्दर्शकाने यांच्या घरचंच काही उचलून नेलंय. नाही आवडला सिनेमा, तर तसं सांगावं आणि सोडून द्यावं. एवढं चिडायचं कारण काय? बरं, एकेकाळी झोडपलेल्या सिनेमांनाच वीस-तीस वर्षांनी हे लोक ‘अभिजात’ म्हणतात, ते कसं? आणि तो दीड ताऱ्याचा सिनेमा मला तर आवडला होता. मग चुकलं कोणाचं?

उत्तर : तुम्ही एका पत्रात तीन शंका विचारल्या आहेत. समीक्षक चिडतो का, काही वर्षांनी मत बदलतं का, आणि त्याचं-तुमचं पटलं नाही तर खरं कोणाचं धरायचं. तिन्ही एकाच दोऱ्यात ओवलेल्या आहेत. तो दोरा म्हणजे अपेक्षा. तो धरून एकेक गाठ सोडवू.

आधी एक फरक लक्षात घ्या. वाईट सिनेमा वेगळा आणि निराश करणारा सिनेमा वेगळा. वाईट सिनेमे दर शुक्रवारी येतात आणि पुढच्या शुक्रवारी जातात. समीक्षक त्यांच्यावर चार ओळी लिहून मोकळा होतो. राग येतो तो, ज्याच्याकडून खूप आशा होती त्याने रिकाम्या हाताने परत पाठवल्यावर. आपल्या घरातही हेच चालतं. गणितात नेहमी गटांगळ्या खाणाऱ्या मुलाने पन्नास मार्क आणले तर पेढे वाटतात, आणि पहिल्या नंबरच्या मुलाने साठ आणले तर रात्रीचं जेवण त्याला बोलणी खातच उरकावं लागतं. दोघांच्या मार्कांत दहाचा फरक, पण आशेत मोठा.

‘ठग्स ऑफ हिंदोस्तान’ आठवा. अमिताभ बच्चन आणि आमिर खान पहिल्यांदाच एका सिनेमात, मागे यशराजसारखं बॅनर, आणि २०१८ च्या दिवाळीचा मुहूर्त. पटकथा मात्र पोकळ निघाली. समीक्षकांनी सालटं काढली. तीच पटकथा अनोळखी नटांना घेऊन, लहानशा बजेटमध्ये आली असती, तर कोणी तिच्यावर एवढी शाई खर्च केली नसती. पुढे आमिर खानने स्वतःच जाहीरपणे अपयशाची जबाबदारी घेतली. म्हणजे आशा होती आणि ती पुरी झाली नाही, हे करणाऱ्यालाही मान्य होतं.

याचं जगातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. मायकेल चिमिनो या दिग्दर्शकाच्या ‘द डिअर हंटर’ला १९७९ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर मिळाले. त्या भरवशावर युनायटेड आर्टिस्ट्स कंपनीने त्याच्या पुढच्या ‘हेवन्स गेट’साठी तिजोरी उघडी केली. खर्च वाढत वाढत चार कोटी डॉलरच्या वर गेला आणि सिनेमा साडेतीन तासांहून लांब झाला. १८ नोव्हेंबर १९८० ला न्यूयॉर्कमध्ये तो पहिल्यांदा दाखवला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे समीक्षक व्हिन्सेंट कॅन्बी यांनी लिहिलं, की आधीच्या यशासाठी चिमिनोने सैतानाकडे आत्मा गहाण टाकला असावा, आणि सैतान आता वसुलीला आला आहे. या वाक्याचा आशय नीट पाहा. त्यात आधीच्या यशाचा उल्लेख आहे. ‘डिअर हंटर’ नसता, तर हा टोलाही नसता. कंपनीने सिनेमा लगेच मागे घेतला, कापून अडीच तासांवर आणला आणि पुढच्या वर्षी पुन्हा लावला. तरी तो चालला नाही. १९८१ मध्येच युनायटेड आर्टिस्ट्स ही कंपनी एमजीएमला विकली गेली.

आता एक गैरसमज दूर करू. लोकांना वाटतं, की समीक्षकाला सिनेमा फाडायला मजा येते. खरं तर वाईट सिनेमा अर्ध्यावर सोडून जाण्याची सोय तुम्हाला आहे, त्याला नाही. शेवटच्या पाटीपर्यंत बसायचं, आणि बहुतेक वेळा त्याच रात्री सहाशे शब्द लिहून द्यायचे, हा त्याचा धंदा. त्यातून चीड येते, ती अडीच तास बसलेल्या माणसाची असते. दुसरं कारण आपल्याकडे, वाचकांकडे आहे. टीका आपण जास्त चवीने वाचतो. अमेरिकेतले समीक्षक रॉजर एबर्ट यांनी १९९४ च्या ‘नॉर्थ’ या सिनेमावर लिहिताना ‘मला हा सिनेमा अजिबात, अजिबात आवडला नाही’ या अर्थाचं वाक्य पुन्हा पुन्हा घोळवलं. पुढे त्यांच्या कडक परीक्षणांचं पुस्तक निघालं, तेव्हा त्याचं नाव याच वाक्यावरून ठेवलं गेलं.

आपल्याकडे तर ही परंपरा त्याहून जुनी आहे. बाबूराव पटेल या मराठी माणसाने १९३५ मध्ये मुंबईत ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक काढलं. त्यांच्या जहाल परीक्षणांचा निर्माते-नटांना धाक होता आणि वाचकांना चटक. ‘टीका करणं सोपं आहे, एकदा करून दाखवा’ असं त्यांना म्हणायचीही सोय नव्हती, कारण त्यांनी स्वतः ‘द्रौपदी’सारखे चित्रपट दिग्दर्शित केले होते. तसं पाहिलं तर हे आव्हानच चुकीचं आहे. आमटी खारट झाली हे सांगायला आचारी असावं लागत नाही. फक्त, मीठ जास्त पडलंय की पाणी कमी, एवढं सांगता आलं तर तो समीक्षक. नुसतंच तोंड वाकडं केलं तर तो पंगतीतला पाहुणा.

दुसरा गैरसमज असा, की समीक्षकांनी झोडपलं म्हणून सिनेमा पडतो. तसं असतं, तर ‘शोले’ पहिल्याच महिन्यात उतरला असता. १५ ऑगस्ट १९७५ ला तो लागला, तेव्हाची परीक्षणं थंड होती आणि सुरुवातीचे दिवस काळजीचे. अमिताभच्या घरी बैठक बसली आणि त्याच्या भूमिकेला, जयला, जिवंत ठेवून शेवट पुन्हा चित्रित करावा का, इथपर्यंत विचार झाला. मग थोडं थांबायचं ठरलं. तेवढ्यात बघून आलेल्यांनी न बघितलेल्यांना सांगितलं, आणि मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षांहून जास्त चालला. त्या वर्षी फिल्मफेअरच्या परीक्षकांनीही त्याला एकच पुरस्कार दिला होता, संकलनाचा. तो मिळाला एम. एस. शिंदे यांना.

‘ठग्स’चं याच्या बरोबर उलट झालं. पहिल्या दिवशी पन्नास कोटींच्या वर गल्ला जमला, कारण तिकिटं परीक्षणं वाचून काढलेली नव्हती, नटांची नावं वाचून काढलेली होती. आकडे घसरले ते नंतर, पहिल्या दिवशी बघून आलेल्यांनी शेजाऱ्याला ‘नको जाऊस’ सांगितल्यावर. मोठ्या सिनेमाला समीक्षक तारूही शकत नाही आणि बुडवूही शकत नाही. त्याच्या शब्दाने फरक पडतो तो लहान सिनेमाला, ज्याचं नावच लोकांपर्यंत पोचलेलं नसतं.

प्रेक्षक तरी अपेक्षेच्या या खेळातून सुटतात का? नाही. अमेरिकेत ‘सिनेमास्कोर’ ही संस्था पहिल्या रात्री थिएटरमधून बाहेर पडणाऱ्यांकडून श्रेणी घेते. २०१७ च्या ‘मदर!’ला अनेक समीक्षकांनी उचलून धरलं, आणि प्रेक्षकांनी सर्वांत खालची, ‘एफ’ श्रेणी दिली. जाहिरात पाहून लोक नेहमीचा भयपट समजून गेले होते, आणि समोर आलं एक अवघड रूपक. इथे निराश झाले ते प्रेक्षक. कारण मात्र तेच : आशा एकाची आणि ताटात दुसरंच.

आता तुमची दुसरी शंका. झोडपलेला सिनेमा पुढे अभिजात कसा होतो? इथे ‘कागज के फूल’ बघू. ‘प्यासा’च्या यशानंतर दोन वर्षांनी, १९५९ मध्ये, गुरुदत्त यांनी भारतातला हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट आणला. गोष्ट उतरणीला लागलेल्या एका दिग्दर्शकाची. लोकांना ती फार उदास वाटली आणि सिनेमा साफ पडला. त्यानंतर दिग्दर्शक म्हणून गुरुदत्त यांचं नाव पुन्हा कुठल्याही सिनेमावर लागलं नाही. पुढच्याच वर्षी त्यांच्या संस्थेचा ‘चौदहवीं का चाँद’ धो धो चालला, त्यावर दिग्दर्शक म्हणून नाव होतं एम. सादिक यांचं.

आज ‘कागज के फूल’ लावून त्यातलं एक दृश्य बघा. रिकामा, अंधारा स्टुडिओ. वरून प्रकाशाचा एक जाड झोत तिरका खाली उतरतो. झोताच्या अल्याड-पल्याड गुरुदत्त आणि वहिदा रेहमान, दोघं गप्प, आणि उजेडात धूळ तरंगते आहे. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी हा झोत दिव्यांनी नाही केला. स्टुडिओबाहेर मोठा आरसा ठेवून ऊन आत घेतलं, आणि उंचावरच्या दुसऱ्या आरशाने ते खाली वळवलं. हे दृश्य १९५९ च्या प्रिंटमध्येही होतंच. फिल्मफेअरने मूर्तींना या सिनेमासाठी पुरस्कारही दिला होता.

म्हणजे सिनेमा बदलला नाही, बघणारा बदलला. पहिल्या आठवड्यातला प्रेक्षक ‘प्यासा’ मनात घेऊन बसला होता. आजच्या प्रेक्षकावर ते ओझं नाही. तिकिटाचे पैसे वसूल व्हावेत ही घाईही नाही. शिवाय मधल्या काळात कोणीतरी बसून तो सिनेमा समजावून सांगितलेला असतो. गुरुदत्तच्या बाबतीत हे काम मराठीत झालं. अरुण खोपकर यांच्या ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ या पुस्तकाने छाया-प्रकाश, कॅमेऱ्याच्या हालचाली, गाण्यांची जागा हे सगळं उलगडून दाखवलं, आणि त्या पुस्तकाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. झोडपणारी समीक्षा आणि उभं करणारी समीक्षा, दोन्ही समीक्षाच. पहिली एका रात्रीत लिहिली जाते, दुसरीला वर्षं लागतात. ‘हेवन्स गेट’ही २०१२ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात नव्याने, लांबलचक रूपात दाखवला गेला आणि त्याचं कौतुक झालं.

पण यावरून, पडलेला प्रत्येक सिनेमा म्हणजे न कळलेलं सोनं, असा निष्कर्ष काढू नका. एका ‘कागज के फूल’मागे असे शेकडो सिनेमे आहेत, जे पडले आणि विसरले गेले, आणि ते योग्यच झालं.

तिसऱ्या शंकेआधी आकड्यांचा घोळ निस्तरू. ‘रॉटन टोमॅटोज’वर सिनेमासमोर टक्के दिसतात, ते परीक्षेचे मार्क नव्हेत. शंभर समीक्षकांपैकी किती जणांचं मत एकूण अनुकूल होतं, एवढंच ते सांगतात. साठ किंवा त्याहून जास्त असले तर टोमॅटो ताजा, कमी असले तर नासका. समजा, शंभरच्या शंभर जण म्हणाले, ‘बरा आहे, बघायला हरकत नाही.’ झाले शंभर टक्के! आणि पंचावन्न जणांना सिनेमा जिवापाड आवडला, पंचेचाळीस जणांना मुळीच नाही, तर तो नासका. तुमचा दीड ताराही असाच आहे. तो एका माणसाच्या एका संध्याकाळचा आकडा आहे.

म्हणून तारे सोडा, कारणं वाचा. ‘उत्तरार्ध कंटाळवाणा आहे’ या वाक्यातून तुमच्या हाती काही लागत नाही. पण ‘मध्यंतरानंतर नायक गावी परततो, आणि पुढची चाळीस मिनिटं गोष्ट त्या अंगणातून हलत नाही’ असं लिहिलं असेल, तर ठरवणं तुमच्या हातात येतं. त्या अंगणात, त्या माणसांत रमायला तुम्हाला आवडत असेल, तर समीक्षकाची तक्रार हीच तुमच्यासाठी शिफारस. तुमच्या बाबतीत बहुधा हेच झालं असावं. त्यात चूक कोणाचीच नाही. तो जे शोधायला गेला ते त्याला मिळालं नाही, तुम्ही जे शोधायला गेलात ते मिळालं.

शेवटी, चिडणारा समीक्षक नसता तर काय झालं असतं? तेही घडून गेलं आहे. २००० साली सोनी कंपनीच्या जाहिरात खात्याने डेव्हिड मॅनिंग नावाचा समीक्षकच बनवला. असा माणूस अस्तित्वातच नव्हता. पण सोनीच्या सिनेमांच्या जाहिरातींत त्याची स्तुती छापून येत होती, आणि नावाखाली कनेक्टिकटमधल्या एका छोट्या, खऱ्या साप्ताहिकाचं नाव असे. २००१ मध्ये ‘न्यूजवीक’ने हे उघडकीला आणलं, आणि पुढे तडजोडीत कंपनीला त्या सिनेमांच्या प्रेक्षकांना प्रत्येकी पाच डॉलर परत करण्याची तयारी दाखवावी लागली. या मॅनिंगला एकही सिनेमा कधी नावडला नाही.

ज्याला ‘नाही’ म्हणता येतं, त्याच्याच ‘हो’ला किंमत असते. तेव्हा पुढच्या रविवारी दीड ताऱ्याचं परीक्षण दिसलं, तर रागाकडे बघून पान उलटू नका. खाली कारणं दिली आहेत का, ते बघा. दिली असतील तर वाचा, पटली नाहीत तर सिनेमा जरूर बघा. आणि कारणंच दिलेली नसतील, तर संपादकांना एक पत्र टाका. तो तुमचा हक्क आहे.